यांगूनच्या रस्त्यावरचे चेहरे

यांगूनमध्ये काढलेली माझी छायाचित्रे सध्या मी वर्षानुसार लावतो आहे. २०११ च्या पावसाळ्यानंतर नोकरीच्या निमित्ताने त्या शहरात जाणे-येणे सुरू झाले आणि २०१९ च्या अखेरीपर्यंत ते चालू राहिले, त्यामुळे म्यानमारमधल्या लष्करी राजवटीची पकड सैल होत गेली तो जवळजवळ सगळा काळ माझ्या संग्रहात आपसूकच आला आहे. राजकीय बदल टिपावा असा मुळात काही बेत नव्हता. रस्त्यावर माल उतरवणारी, वाट पाहणारी, चहा घेत बसलेली माणसे पाहायला मला आवडतात, आणि तेवढ्याच कारणाने मी कॅमेरा घेऊन फिरत असे. आता सगळी चित्रे ओळीने समोर आल्यावर लक्षात येते की मोर्चे, झेंडे आणि प्रचाराच्या गाड्या यांच्यापेक्षा त्या शहरातले राजकारण कॅमेऱ्यासमोर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अधिक नेमके उमटले आहे. आधी चेहरे वळत होते, मग ते समोर आले, आणि २०२१ नंतर ते पुन्हा झाकले गेले.

छायाचित्रकाराला यांगून सोयीचे का वाटते, हे आधी सांगायला हवे. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी रंगून, म्हणजे आजचे यांगून, घेतल्यावर नदीकाठचा जुना भाग चौकटीच्या आखणीने नव्याने वसवला गेला. रुंद रस्ते पूर्व-पश्चिम जातात आणि त्यांना छेदणाऱ्या, नावाऐवजी बहुधा क्रमांक असलेल्या अरुंद गल्ल्या दक्षिणोत्तर जातात. परिणामी सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन महाबंडुला किंवा मर्चंट रस्त्यावरून लांबवर सरळ धावत येते, तर गल्ल्यांमध्ये त्या वेळी मऊ सावली असते, आणि भर दुपारी, जेव्हा इतर शहरांत कॅमेरा पिशवीत ठेवावा लागतो, तेव्हा या गल्ल्यांच्या तळाशी उन्हाचा एक पट्टा उतरतो. महानगराच्या हद्दीत मोटारसायकलींना बंदी असल्यामुळे माणसांच्या चालण्याचा वेग हाच रस्त्याचा वेग असतो. गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण जपानहून आलेल्या जुन्या मोटारींचे आणि बसगाड्यांचे स्टीअरिंगचे चाक उजवीकडेच व बसचा दरवाजा डावीकडे असल्यामुळे बसमधून उतरणारी माणसे बऱ्याच वर्षांपर्यंत फुटपाथऐवजी भर रहदारीत पाऊल टाकत असत. ही दरवाजाची चुकीची बाजू १९७० साली एका फटक्यात डावीकडून उजवीकडे बदललेल्या वाहतुकीच्या नियमाची उरलेली खूण होती.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते दोऱ्यांनी. जुन्या भागातल्या इमारती पाच-सहा मजली, जिने काळोखे आणि उभे, लिफ्टचा पत्ता नाही. म्हणून प्रत्येक गॅलरीतून एक दोरी थेट रस्त्यापर्यंत सोडलेली असते. तिच्या खालच्या टोकाला चिमटा किंवा पिशवी असते आणि वरच्या टोकाला घंटी. वर्तमानपत्रवाला अंक चिमट्यात अडकवतो, दोरी हलवतो, घंटी वाजते आणि वरून कोणीतरी अंक खेचून घेते. भाजी, औषधे, विजेचे बिल, शेजाऱ्याने पाठवलेली मोहिंग्याची, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांची, पिशवी, सगळे असेच वर जाते आणि पैसे खाली येतात. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वर पाहिले, की पंधरा-वीस दोऱ्या वाऱ्यावर एकाच दिशेने तिरप्या झालेल्या दिसतात. यातल्या बहुतेक फोटोंत चेहरा नाही, कधी वरून आलेला एखादा हात तेवढा आहे. त्यामुळे हीच चित्रे आज बिनदिक्कत दाखवता येतात, पण त्याकडे नंतर येतो.

२०११ मध्ये त्या शहरात कॅमेरा वर केला की समोरच्याची मान आपोआप वळत असे. त्यात राग नव्हता. ती अंगवळणी पडलेली सवय होती. चहाच्या दुकानात, अगदी ठेंगण्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून, ओठांनी चुंबनासारखा आवाज काढून पोऱ्याला बोलवायचे आणि तासभर गप्पा मारायच्या ही तिथली रीत, पण शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणी राजकारणाबद्दल बोलत नसे. गुप्तहेर चहाच्या दुकानांत बसतात हे सर्वांना माहीत होते. चौकाचौकांत लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'जनतेची इच्छा' या मथळ्याखाली परकीयांच्या तालावर नाचणाऱ्यांचा विरोध करण्याचे सरकारी आवाहन असे. पान्सोदान रस्त्यावर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थांचे आजोबा भारतातून आलेले होते आणि त्यांना बऱ्यापैकी हिंदी येत होते. पुस्तकांचे फोटो खुशाल काढा, हात आले तरी चालतील, पण मानेच्या वर कॅमेरा न्यायचा नाही, अशी अट त्यांनी मला हसत हसत घातली होती.

त्या अटीमागे काय होते हे सुले पॅगोडाच्या परिसरात उभे राहिले की कळत असे. सप्टेंबर २००७ मध्ये इंधनाच्या दरवाढीनंतर भिक्खू रस्त्यावर उतरले आणि २७ सप्टेंबरला याच परिसरात गोळीबार झाला. केंजी नागाई हे जपानी पत्रकार तिथे जवळून गोळी लागून मरण पावले. रस्त्यावर उताणे पडलेले नागाई आणि त्यांच्यावर बंदूक रोखून पुढे धावणारा सैनिक हे रॉयटर्सच्या अद्रीस लतीफ यांनी टिपलेले दृश्य जगभर गेले आणि त्याला २००८ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. नागाई यांचा स्वतःचा कॅमेरा मात्र तेव्हा गायब झाला. तो सापडून त्यांच्या बहिणीच्या हाती बँकॉकमध्ये पडला तो एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. त्या आंदोलनाची बरीचशी दृश्ये बाहेर आली ती नाव न सांगणाऱ्या ब्रह्मी वार्ताहरांनी पिशव्यांत लपवलेल्या लहान कॅमेऱ्यांतून, आणि त्यांतले काही जण पुढे कित्येक वर्षे तुरुंगात होते. अशा शहरात मान वळवणे हा शहाणपणा होता, आणि मी परका असल्यामुळे माझ्या फोटोची किंमत मला मोजावी लागणार नव्हती, समोरच्याला लागली असती.

मग चित्र पालटू लागले, आणि ते आधी वस्तूंमध्ये पालटले. लष्करी राजवटीला विरोध करणाऱ्या नेत्या आंग सान स्यू की यांची नोव्हेंबर २०१० मध्ये स्थानबद्धतेतून सुटका झाली, एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकांत त्यांच्या पक्षाने लढवलेल्या ४४ जागांपैकी ४३ जिंकल्या, आणि ज्या चेहऱ्याचा फोटो घरात सापडला तर चौकशी होत असे तो चेहरा फुटपाथवर दिनदर्शिका, चहाचे मग, किल्ल्यांच्या साखळ्या आणि बनियन यांवर विकला जाऊ लागला. त्यांच्या वडिलांचा, स्वातंत्र्यलढ्याचे नेते जनरल आंग सान यांचा, चेहरा शेजारीच असे. १९८८ नंतरच्या राजवटीत नोटांवरून आंग सान हळूहळू हटवले गेले होते आणि त्यांच्या जागी सिंह व हत्ती आले होते. ते १००० क्यातच्या नोटेवर परतले ते थेट जानेवारी २०२० मध्ये. विक्रेता माल मांडताना दोन्ही चेहरे कसे ठेवतो, मुलगी पुढे की बाप पुढे, यावर मी एक लहानशी मालिकाच केली होती.

ऑगस्ट २०१२ मध्ये छपाईपूर्व सेन्सॉरशिप रद्द झाली आणि १ एप्रिल २०१३ रोजी, जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, खासगी दैनिके रस्त्यावर आली. पहिल्या दिवशी चारच निघाली होती, पण त्यानंतरच्या काही महिन्यांत वर्तमानपत्रांचे फळकुट हे यांगूनमधले फोटो काढण्याचे सर्वांत जिवंत ठिकाण झाले. माणसे उकिडवी बसून अंक चाळत, विकत न घेता वाचून ठेवून देत, मोठ्याने मथळे वाचत, एकमेकांशी वाद घालत. कॅमेरा समोर आला तर आता कोणी मान वळवत नसे. उलट हातातला अंक वर धरून दाखवत. स्यू की यांचा फोटो असलेले पान आपल्या चेहऱ्याशेजारी धरलेली माणसे माझ्या त्या वर्षीच्या संग्रहात इतकी आहेत, की छायाचित्रे म्हणून ती मला आता थोडी कंटाळवाणी वाटतात.

सगळ्यांत मोठा फरक मात्र मोबाइलने पाडला. त्याआधी फुटपाथवर छत्रीखाली टेबल मांडून, त्यावर तारेचे दोन-तीन फोन ठेवून, मिनिटाच्या हिशेबाने बोलू देणाऱ्या बायका प्रत्येक चौकात असत, कारण सिमकार्डाला शेकडो डॉलर मोजावे लागत. २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्या, सिम १५०० क्यातला, म्हणजे दीड डॉलरच्या आसपास, मिळू लागले आणि दोन-तीन वर्षांत फोनची टेबले नाहीशी झाली. आता रस्त्यावर फोटो काढणारा मी एकटा नव्हतो. ज्याचा फोटो काढावा तो आपला फोन काढून माझा फोटो काढत असे, आणि लगेच फेसबुकवरचे नाव विचारत असे, कारण त्याला त्याचा फोटो तिथे हवा असे. मी तो पाठवत असे, तो त्यात स्वतःला आणि मित्रांना टॅग करत असे. त्या काळात ही देवाणघेवाण मला फार न्याय्य वाटली होती. परदेशी छायाचित्रकाराने फोटो घ्यायचा आणि निघून जायचे, हा जुना हिशेब त्यामुळे निदान काही प्रमाणात फिटत होता.

त्या जुन्या हिशेबाला रंगूनमध्ये मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलिप क्लीर या जर्मन छायाचित्रकाराचा आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डी. ए. आहुजा या भारतीय छायाचित्रकाराचा तिथे व्यवसाय होता, आणि आहुजांची हाताने रंगवल्यासारखी भडक पोस्टकार्डे जगभर जात. चिरूट ओढणारी बाई, फुले माळलेली मुलगी, पॅगोडासमोरचा भिक्खू असे ठरावीक साचे त्यात होते. २०१२ नंतर पर्यटक वाढले तेव्हा गुलाबी वस्त्रांतल्या बालभिक्षुणी आणि गालांवर थनाका, म्हणजे झाडाच्या सालीचा पिवळसर लेप, लावलेली मुले यांचे जे फोटो लाखोंनी निघाले, ते याच पोस्टकार्डांचे वंशज होते असे माझे मत आहे. त्यात माझेही काही आहेत. ते मी या निवडीत घेणार नाही, कारण त्यांत यांगून नावाचे शहर नाही, तिथली सालेही नाहीत; ते १९०५ चे आहेत की २०१५ चे, हे मुलाच्या बनियनवरूनच ओळखावे लागेल.

८ नोव्हेंबर २०१५ ची मतदानाची सकाळ मात्र पूर्णपणे तिच्या तारखेची आहे. शाळेच्या आवारात लांब रांगा होत्या, बायका ठेवणीतली लोंजी, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, नेसून आल्या होत्या, आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण शाई लावलेली करंगळी दाखवून फोटोला उभा राहत होता. संध्याकाळी श्वेगोंडाइंग रस्त्यावर स्यू की यांच्या पक्षाच्या कार्यालयासमोर मोठ्या पडद्यावर आकडे येऊ लागले तेव्हा गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावायलासुद्धा जागा नव्हती, म्हणून मी तो डोक्यावर धरून अंदाजाने शटर दाबत राहिलो. त्या रात्रीच्या एकेका चित्रात चाळीस-पन्नास चेहरे आहेत, सगळे उजेडाकडे वळलेले, प्रत्येक चेहरा ओळखू येईल इतका स्पष्ट.

याच चेहऱ्यांविषयी पुढे मला अडचण वाटू लागली, हेही लिहायला हवे. ऑगस्ट २०१७ पासून लष्कराच्या कारवाईमुळे ७ लाखांहून अधिक रोहिंग्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात पळाले, आणि यांगूनच्या चहाच्या दुकानांत, ज्या माणसांशी माझी चांगली ओळख होती त्यांच्या तोंडून, त्याविषयी जे ऐकू येई ते ऐकवत नसे. डिसेंबर २०१९ मध्ये स्यू की हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाचा बचाव करायला गेल्या तेव्हा त्यांच्या समर्थनाच्या सभा निघाल्या. तेच लाल रंग, तीच उत्फुल्ल माणसे, तोच चेहरा असलेले फलक. त्या सभांचे फोटो आणि २०१५ च्या रात्रीचे फोटो शेजारी ठेवले तर मथळ्याशिवाय वेगळे ओळखता येत नाहीत. माझ्या मते रस्त्यावरच्या छायाचित्रणाची ही मर्यादा कोणीही फोटो पाहणाऱ्याला आधी सांगावी: आनंद कशाचा आहे, हे चेहरा सांगत नाही.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतरचे यांगून मी पाहिलेले नाही. ते मी तिथल्या ओळखीच्या लोकांनी पाठवलेल्या आणि वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांतून वाचले. सुरुवातीचे दिवस उघड्या चेहऱ्यांचे होते. रोज रात्री आठला घराघरांतून भांडी बडवली जात होती, जसे घरातली पीडा हाकलण्यासाठी पूर्वीपासून बडवतात. १७ फेब्रुवारीला शेकडो लोकांनी भर रस्त्यात मोटारी उभ्या केल्या आणि बोनेट उघडून 'बंद पडली' म्हणून सांगितले. सेनाप्रमुख मिन आंग लाइंग यांचे फोटो डांबरावर ओळीने चिकटवले गेले, म्हणजे पुढे येणाऱ्या सैनिकाला ते तुडवावे लागावेत. मार्चमध्ये गल्ल्यांवरून आडव्या दोऱ्या ताणून त्यांवर बायकांनी आपली लोंजी वाळत घातली. बायकांच्या कमरेखालच्या वस्त्राखालून गेल्यास पुरुषाचे तेज जाते अशी तिथे समजूत आहे, आणि सैनिक ती वस्त्रे काठीने काढत बसले असताना आंदोलकांना पळायला वेळ मिळत असे. या दोऱ्यांचे फोटो मी इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिले आहेत. सुती कापडाच्या रंगीत कमानींखाली थबकलेला, शिरस्त्राण घातलेला, हातात बंदूक असलेला माणूस वर पाहतो आहे, आणि रस्ता पुढे पूर्ण मोकळा आहे.

मग गोळीबार वाढला, १४ मार्चला लाइंग थायार या कामगारवस्तीत अनेक माणसे मारली गेली, मोबाइलवरचे इंटरनेट बंद झाले, आणि मार्चच्या मध्यापर्यंत देशात एकही स्वतंत्र छापील दैनिक उरले नाही. दंडसंहितेत घातलेल्या ५०५-अ कलमाखाली भीती पसरवणे किंवा खोटी बातमी देणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ लागली, आणि वृत्तछायाचित्रकारांनी शिरस्त्राणावरचे 'प्रेस' हे शब्द काढून टाकले, कारण ते आता संरक्षण राहिले नव्हते. छायाचित्रांखाली नावे येणे थांबले. २०२२ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत म्यानमारच्या आंदोलनाच्या ज्या छायाचित्राला पारितोषिक मिळाले, त्यात गलोली घेतलेले आंदोलक आहेत, आणि छायाचित्रकाराच्या नावाच्या जागी 'अनामिक' आहे.

पुढचे पाऊल अर्थातच रिकाम्या रस्त्याचे होते. २४ मार्च २०२१ रोजी आणि पुन्हा १० डिसेंबरला लोकांनी 'मौन संप' केला, म्हणजे दुकाने बंद ठेवून सगळे घरात बसले. त्या दिवशीच्या यांगूनच्या चित्रांत सिग्नल, दुभाजक आणि डांबर एवढेच आहे, आणि तेच त्यांचे राजकीय म्हणणे आहे. १० डिसेंबरला असे रिकामे रस्ते टिपणारे सो नाइंग या छायाचित्रकाराला अटक झाली आणि १४ तारखेला कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. ज्या फोटोत एकही माणूस नाही, तोही तिथे जिवावर बेतू शकतो.

या पार्श्वभूमीवर माझ्या जुन्या चित्रांचे काय करायचे, हा प्रश्न मी गेली काही वर्षे टाळत आलो होतो. यांगूनमध्ये नाक्यांवर फोन तपासले जातात, फेसबुकवरच्या जुन्या नोंदी पाहिल्या जातात, आणि २०१५ मध्ये कोण कुठल्या गर्दीत उभे होते ही माहिती आज कोणाला कशी वापरावीशी वाटेल याचा भरवसा नाही. म्हणून मी पूर्वी टॅग केलेली सगळी चित्रे काढून टाकली आहेत, उरलेल्या फाइलींमधून वेळ आणि ठिकाणाची नोंद पुसली आहे, आणि दुकानाची पाटी किंवा गल्लीचा क्रमांक दिसत असेल तर ते चित्र बाजूला ठेवले आहे. चेहरे धूसर करून चित्र दाखवावे असे काहींनी सुचवले. मला ते पटत नाही. धूसर केलेला चेहरा पाहणाऱ्याला आरोपीसारखा वाटतो, आणि ज्या संध्याकाळी ती माणसे आपण होऊन उजेडाकडे वळली होती तिची ती विटंबना होईल. त्यापेक्षा ते चित्र न दाखवणे बरे.

त्यामुळे पुढच्या काही दिवसांत इथे येणाऱ्या मालिकेत दोऱ्या असतील, फोनची टेबले, वर्तमानपत्रे धरलेले हात, उजव्या चाकाच्या बसगाड्या आणि पान्सोदानवरची पुस्तके असतील. पान्सोदानच्या त्या गृहस्थांची जुनी अट आता मी सगळ्याच शहराला लावली आहे, आणि त्यामुळे मालिका थोडी कोरडी दिसेल याची मला कल्पना आहे. चेहऱ्यांची चित्रे ज्यांची आहेत त्यांच्याकडे जात आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू झाल्यापासून ओळखीतली बरीच तरुण मुले सीमा ओलांडून थायलंडमधल्या माए सोटला गेली, जाताना फोन कोरे करून गेली, आणि आता त्यांतले काही जण विचारतात की अमुक वर्षी चहाच्या दुकानात काढलेला आमचा फोटो तुमच्याकडे आहे का. असेल तर मी तो मोठ्या आकारात पाठवतो, आणि त्यात आणखी कोण आहे हे त्यांच्याकडून विचारून घेऊन त्यांचे पत्ते मिळतात का ते पाहतो.